लेमी सर्व्हर: बाहेरच्या कम्युनिट्या जोडण्याच्या नोंदी

३ मे २०२५

सर्व्हर सुरू झाला. लेमी म्हणजे रेडिटसारखी चर्चेची जागा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं सॉफ्टवेअर. आपल्याकडे त्याची ०.१९ मालिका, सगळं डॉकरमध्ये (प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात): रस्ट भाषेतला बॅकएंड, वेब यूआय, पोस्टग्रेस डेटाबेस, फोटोंसाठी पिक्ट-आरएस आणि पुढे, येणाऱ्या मागण्या योग्य भागाकडे वळवणारा एनजिनएक्स. रजिस्ट्रेशन अर्ज भरूनच, कारण हा सर्व्हर आपल्या मंडळींसाठी आहे, शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स चालवणारे शिक्षक, ग्रंथालयातली माणसं, जुन्या पीसीवर घरीच काहीबाही होस्ट करणारी पोरं. आजवर सगळी चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हायची आणि कुणी एखाद्या प्रिंटरचा ड्रायव्हर कसा बसवला ते महिन्याभराने शोधायला गेलं की काही केल्या सापडायचं नाही.

लेमीच का, तर पोस्ट, त्याखाली कमेंट्सचा धागा, मतं, विषयवार कम्युनिट्या ही रेडिटसारखी रचना आपल्या लोकांना पटकन कळते, कोड एजीपीएल लायसन्सखाली खुला आहे आणि मुख्य म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, वेगवेगळ्या सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायची भाषा. वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केलेलं हे स्टँडर्ड ट्विटरसारखं मॅस्टोडॉनही वापरतं, व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूबही वापरतं, त्यामुळे आपल्या छोट्याशा सर्व्हरवर खातं असलं तरी लेमी.वर्ल्ड या मोठ्या लेमी सर्व्हरवरच्या हजारो लोकांच्या चर्चेत बसता येतं, तिथे वेगळं खातं काढावं लागत नाही.

पण हे आपोआप होत नाही, आणि हे सगळ्यांना आधीच सांगायला हवं. आज लॉगिन करून "ऑल" टॅब उघडला तर एकही पोस्ट नाही. हे बिघडलेलं नाही, असंच असतं. "ऑल" म्हणजे अख्ख्या नेटवर्कवरचं सगळं असं नाही, आपल्या सर्व्हरवरच्या कुणी ना कुणी जे सबस्क्राईब केलंय तेवढंच. अजून कुणीच काही केलेलं नाही, म्हणून रिकामं.

४ मे

पहिली कम्युनिटी जोडली, !सेल्फहोस्टेड@लेमी.वर्ल्ड, म्हणजे लेमी.वर्ल्डवरची, स्वतःचे सर्व्हर चालवणाऱ्यांची कम्युनिटी. मंडळींसाठी कृती इथेच लिहून ठेवतो. आधी आपल्या सर्व्हरवर लॉगिन व्हायचं, कारण लॉगिन नसेल तर सर्व्हर बाहेर शोधायला जातच नाही आणि "काही सापडलं नाही" म्हणून मोकळा होतो. मग सर्चमध्ये उद्गारचिन्हापासून पूर्ण पत्ता टाकायचा, किंवा तिकडच्या पानाची लिंक तशीच पेस्ट करायची. पहिल्या वेळी थोडा वेळ लागतो, घाई करायची नाही. नाव दिसलं की उघडायचं आणि सबस्क्राईब.

आत काय होतं तेही लिहितो कारण पुढे अडलं तर याच पायऱ्या तपासायच्यात. आपला सर्व्हर वेबफिंगरने (नावावरून पत्ता शोधायची पद्धत) तिकडे विचारतो की या नावाचं काही आहे का. तिकडून कम्युनिटीच्या प्रोफाईलचा पत्ता येतो, ॲक्टिव्हिटीपबच्या हिशोबाने ती "ग्रुप" प्रकारची. मग आपल्या सदस्याच्या नावाने "फॉलो" जातो, तिकडून "ॲक्सेप्ट" येतो आणि तिथून पुढे त्या कम्युनिटीत पडणारी प्रत्येक पोस्ट, कमेंट, मत, सगळं कम्युनिटी "अनाउन्स" करून आपल्या सर्व्हरकडे पाठवत राहते. आपले पाच जण सबस्क्राईब असोत नाहीतर पन्नास, एका गोष्टीची एकच प्रत येते आणि ती आपल्या डेटाबेसमध्ये राहते. म्हणजे आपण तिकडचं पान लांबून बघत नसतो, आपल्याकडच्या प्रतीत वाचतो, लिहिलेलं मात्र आधी तिकडे जातं आणि तिथून सगळ्यांना वाटलं जातं. मला वाटतं ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढच्या निम्म्या शंका येतच नाहीत.

७ मे

सेल्फहोस्टेडवर अजून "सबस्क्राईब पेंडिंग". दुसऱ्या दोन सर्व्हरांवरच्या कम्युनिट्यांचंही तेच.

कधीकधी पेंडिंग दिसत असतानाही पोस्टी यायला लागतात, म्हणजे फॉलो पोचलेला असतो, फक्त उत्तर वाटेत कुठेतरी हरवलेलं असतं, तेव्हा अनसबस्क्राईब करून परत सबस्क्राईब केलं की काम होतं. आपल्याकडे तसं नव्हतं, काहीच येत नव्हतं. आधी सर्व्हरचं घड्याळ बघितलं, कारण फॉलोवर सही असते आणि सहीत वेळ असते, घड्याळ पुढेमागे असेल तर समोरचा सर्व्हर सही नाकारतो. घड्याळ बरोबर होतं.

मग कर्लने, म्हणजे कमांड लाईनवरून वेब पत्ते मागायच्या साधनाने, आपल्याच एका सदस्याच्या प्रोफाईलचा पत्ता मागून बघितला, हेडरमध्ये (मागणीसोबत जाणारी चिठ्ठी) ॲक्सेप्ट: ॲप्लिकेशन/ॲक्टिव्हिटी+जेसन लावून. यायला हवं होतं जेसन, म्हणजे मशीनला वाचायच्या रचनेतली माहिती, ज्यात सदस्याचं नाव, इनबॉक्स आणि पब्लिक की (सही तपासायची किल्ली) असते. आलं अख्खं एचटीएमएल पान. हाच घोळ. लेमीत एकाच पत्त्यावर दोन गोष्टी असतात, ब्राउझरने मागितलं तर वेब पान आणि दुसऱ्या सर्व्हरने मागितलं तर जेसन, ॲक्सेप्ट हेडर बघून एनजिनएक्स ठरवतो कुणाला काय द्यायचं. आपला एनजिनएक्स नीट देत होता, पण त्याच्याही पुढे जी कॅशिंग सेवा लावलीय ती हेडर न बघता आधी साठवलेलं पान सगळ्यांनाच देत होती. म्हणजे लेमी.वर्ल्डला आपला फॉलो मिळाला, सही तपासायला त्याने आपल्या सदस्याची की मागितली, हातात पडलं एचटीएमएल, सही पटेना आणि फॉलो बाद.

प्रोफाईल, कम्युनिटी, पोस्ट आणि कमेंटच्या पत्त्यांवरचं कॅशिंग बंद केलं, फोटोंचं चालू ठेवलं. परत कर्ल, जेसन आलं. अनसबस्क्राईब, सबस्क्राईब, आणि बघता बघता "जॉइन्ड". संध्याकाळपर्यंत पोस्टी यायला लागल्या. ग्रंथालयातल्या ताईंचा मेसेज आला, "अरे इथे तर खूप लोक आहेत!"

११ मे

ताईंनी विचारलं, त्या कम्युनिटीच्या मूळ पानावर एका पोस्टखाली भरपूर कमेंट्स दिसतात आणि आपल्याकडे त्याच पोस्टखाली एकही नाही, असं का. कारण पहिल्यांदा सबस्क्राईब केलं की मागच्या थोड्या ताज्या पोस्टी तेवढ्या आणल्या जातात, त्यांच्यावरच्या जुन्या कमेंट्स आणि मतं येत नाहीत. फॉलो झाल्यानंतर जे होईल ते सगळं येतं. जुनी एखादी कमेंट खरंच हवी असेल तर मूळ सर्व्हरवरची तिची लिंक, कमेंटखालच्या फेडिव्हर्सच्या (एकमेकांशी जोडलेल्या या सगळ्या सर्व्हरांच्या जाळ्याच्या) रंगीत चिन्हावर असते ती, आपल्या सर्चमध्ये पेस्ट करायची, मग ती कमेंट आणि ती ज्या कमेंट्सना उत्तर म्हणून आली त्या वरपर्यंतच्या, एवढ्या येतात.

म्हणूनच सगळ्यांना सांगितलंय की पुढे कधीतरी लागेल असं वाटतंय ती कम्युनिटी आजच जोडून ठेवा. आपल्यातल्या एकाने जोडली की त्या दिवसापासून सगळ्यांसाठी साठत जाते, नंतर येणाऱ्याला भरलेलं घर मिळतं.

शोधायला लेमीव्हर्स ही साईट चांगली आहे, वेगवेगळ्या सर्व्हरांवरच्या कम्युनिट्या एकाच जागी शोधता येतात आणि आपला होम सर्व्हर निवडून ठेवला की लिंक थेट आपल्याच सर्व्हरवर उघडते.

१८ मे

आजची नोंद आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे असं मी म्हणेन.

सातारच्या सरांचा फोन, "मी दहा कम्युनिट्या जॉइन केल्या, सगळ्या जॉइन्ड दाखवतंय, पण आत गेलो की एक पोस्ट दिसत नाही." माझ्या खात्यातून त्याच कम्युनिट्या भरलेल्या. फेडरेशन, म्हणजे सर्व्हरांमधली देवाणघेवाण, चालू, डेटाबेसमध्ये पोस्टी आहेत. सरांना म्हटलं सेटिंग्जचा स्क्रीनशॉट पाठवा, आणि लगेच कळलं. भाषांच्या यादीत त्यांनी फक्त "मराठी" निवडली होती. मराठी माणूस दुसरं काय करणार, यादीत आपली भाषा दिसली की आपण तीच निवडतो, आणि लेमीच्या यादीत मराठी आहे ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण लेमीत ती निवड म्हणजे ॲपची भाषा नव्हे, ती वाचायच्या पोस्टींची गाळणी आहे. मराठी निवडली की इंग्रजी पोस्टी गायब, आणि त्याहून मोठं म्हणजे "अनडिटरमाइन्ड" निवडलं नसेल तर ज्या पोस्टींवर भाषेचं लेबलच नाही त्या सगळ्या गायब. लेबल न लावता टाकणारेच फार असतात त्यामुळे जवळजवळ सगळंच जातं. नेटवर्क बंद पडलंय असं वाटून माणूस निघून जाईल, आणि जाणारा माणूस कारण सांगत बसत नाही.

सरांना अनडिटरमाइन्ड, मराठी, इंग्रजी तिन्ही निवडायला सांगितली (कंप्युटरवर कंट्रोल दाबून एकेक, नाहीतर आधीची निवड पुसली जाते). झालं, सगळं दिसायला लागलं. मंजुरीच्या मेलमध्ये हे पहिलं वाक्य म्हणून टाकलंय.

उलटीकडूनही एक अडचण आहे. बाहेरच्या कम्युनिटीने ठराविक भाषाच चालतील असं ठरवलेलं असेल आणि आपण पोस्टला मराठी लेबल लावलं तर पोस्ट जात नाही, एरर येतो. मराठी पोस्ट आपल्या कम्युनिट्यांत टाकायची, बाहेर त्यांच्या भाषेत बोलायचं. आपल्या कम्युनिट्यांची हँडल्स (पत्त्यातली नावं) रोमनमध्ये ठेवलीत म्हणजे बाहेरच्यालाही टाईप करता येतील, वर दिसणारं नाव देवनागरीत, ते बदलायचं नाही.

२५ मे

सर्व्हर कुठे ठेवायचा यावर म्युनिकच्या मित्राशी लांबलचक बोलणं झालं. सध्या सर्व्हर जर्मनीत आहे, मित्रच बघतो. काही जणांचं म्हणणं मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये आणा, आपण सगळे इकडेच तर आहोत, पानं पटकन उघडतील. म्हणणं रास्त आहे. पण मित्राने ऑस्ट्रेलियाचं उदाहरण काढलं आणि ते मला पूर्ण पटलं.

लेमीच्या ०.१९ मध्ये, डिसेंबर २०२३ ला, पाठवायची रांग पक्की झाली, म्हणजे समोरचा सर्व्हर काही वेळ बंद असला तरी त्याचा माल हरवत नाही, परत सुरू झाला की राहिलेलं क्रमाने मिळतं. पण क्रम राखायचा म्हणून एकेकच पाठवायचं: एक गोष्ट पाठवली, पोचल्याचं उत्तर आलं, मग पुढची. युरोपातून ऑस्ट्रेलियाला जाऊन यायला पाव सेकंदाच्या वरच लागतो, म्हणजे काहीही केलं तरी सेकंदाला तीन-चार गोष्टींपलीकडे जाणं शक्य नाही, मग मशीन कितीही दणकट असू दे. आणि लेमी.वर्ल्डवर प्रत्येक मत ही सुद्धा एक वेगळी गोष्ट असते. त्यामुळे ऑसी.झोन आणि रेडदॅट या ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हरांवर २०२४ मध्ये लेमी.वर्ल्डचा माल दिवसच्या दिवस उशिरा पोचत होता. तिथल्या माणसाने कमेंट लिहिली तर ती अशा धाग्यावर की जो बाकीच्यांसाठी कधीच संपलेला.

नोव्हेंबर २०२४ च्या ०.१९.६ पासून एकाच सर्व्हरला समांतर पाठवता येतं, पण किती समांतर ते पाठवणाऱ्याच्या कॉन्फिगमध्ये असतं आणि न बदलता ठेवलं तर एकच. म्हणजे तो खटका आपल्या हातात नाही. मुंबई ते युरोप जाऊन-येऊन साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिसेकंद, सेकंदाला सहा ते आठ गोष्टी. आपण जोडलेल्या कम्युनिट्यांपुरतंच येतं त्यामुळे कदाचित भागेलही, पण मोठी मोठी कम्युनिटी जोडत गेलो तर हीच मर्यादा आडवी येणार. निर्णय: जर्मनीतच. पान उघडायला डोळ्याची पापणी लवण्याइतका उशीर चालेल, चर्चा एक दिवस मागे पडलेली नाही चालणार.

१ जून

मॅस्टोडॉनवाल्या मैत्रिणीला लेमीवर खातं नको होतं, आहे त्याच खात्यातून आपल्या कम्युनिटीत यायचं होतं. येता येतं. मॅस्टोडॉनला कम्युनिटी म्हणजे एक खातं दिसतं, फॉलो करता येतं. पण ते खातं प्रत्येक पोस्ट आणि प्रत्येक कमेंट बूस्ट करतं, म्हणजे पुढे वाटतं, तिची टाइमलाईन दुपारपर्यंत भरून गेली. उपाय, फॉलो काढून ते खातं वेगळ्या लिस्टमध्ये ठेवायला बघितलं पण लिस्टमध्ये ठेवायला फॉलो लागतोच, तेव्हा त्या लिस्टमधली खाती होम फीडमध्ये नकोत हा पर्याय चालू केला. पोस्ट टाकायची तर कम्युनिटीला टॅग करायचं, पहिली ओळ लेमीवर शीर्षक होते, म्हणून पहिल्या ओळीत विषय लिहायचा, "नमस्कार मंडळी" नाही.

ती २०१९ च्या नोव्हेंबरात मॅस्टोडॉनवर आलेली. सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं तेव्हा भारतातून बरेच लोक तिकडे गेले होते, त्यातली. ती म्हणते त्यातले तिच्या ओळखीचे बरेच जण परतले, कारण कोण कुठल्या सर्व्हरवर आहे आणि त्याला शोधायचं कसं हे सांगायला कुणी नव्हतं. मला हे अगदी खरं वाटतं. सॉफ्टवेअर तेव्हाही चालत होतं, हात धरून नेणारं माणूस कमी होतं. या नोंदी इतक्या तपशिलात लिहितोय त्या त्यासाठीच.

१२ जून

वाईट बातमी. लेम.ई बंद होतोय, या महिन्याच्या शेवटी. २०२३ च्या मध्याला रेडिटने एपीआय (बाहेरच्या ॲप्सना माहिती घ्यायचा मार्ग) वापरायला पैसे लावले, अपोलोसारखी बाहेरची रेडिट ॲप्स बंद झाली आणि लोक लोंढ्याने लेमीकडे आले त्याच वेळी सुरू झालेला हा सर्व्हर, चांगला सांभाळलेला, मोठ्यांपैकी एक. चालवणारे थकले आणि हातभार लावायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, न सांगता गायब होण्यापेक्षा आधी सांगून, लोकांना सामान हलवायला वेळ देऊन बंद करणं ही मोठी गोष्ट आहे. म्युनिकच्या मित्राने दुसरा प्रकार बघितलाय, जर्मन लोकांचा फेडिट.डीई २०२४ मध्ये मोडला आणि ॲडमिनचा पत्ता नाही, शेवटी लोकांनी फेडिट.ऑर्ग नवा उभा केला.

आपल्याकडे काय करायचं. आपल्या एका पोराचं खातं लेम.ईवर होतं, त्याने सेटिंग्जमधून एक्स्पोर्ट केलं, जेसन फाईल मिळाली, आपल्याकडे खातं काढून इम्पोर्ट. सबस्क्रिप्शन्स, ब्लॉक केलेली खाती, सेव्ह केलेल्या पोस्टी आल्या. त्याच्या जुन्या पोस्टी जुन्याच नावावर राहणार, त्या हलत नाहीत. इम्पोर्टमुळे एकदम भरपूर फॉलो बाहेर गेले आणि आपल्या "ऑल"मध्ये एका रात्रीत नव्या कम्युनिट्या दिसायला लागल्या, तेवढाच फायदा.

जास्त काळजी त्या कम्युनिट्यांची ज्या लेम.ईवर होत्या आणि आपण जोडल्यात. सर्व्हर गेला तरी आपल्याकडची प्रत राहणार, सबस्क्राईब्डच दाखवणार, पोस्ट टाकायची पेटीही उघडी असणार. पण तिथे टाकलेली पोस्ट आपल्या सर्व्हरबाहेर कुणालाच दिसणार नाही, कारण वाटणारा घरमालकच उरलेला नाही. माणूस मदत मागेल आणि उत्तराची वाट बघत बसेल. हे होऊ द्यायचं नाही.

२१ जून

"टेक्नॉलॉजी" नावाच्या कम्युनिट्या लेमी.वर्ल्डवर, लेमी.एमएलवर, बीहॉवर अशा वेगवेगळ्या आहेत, कुठली जोडू असं विचारतात. नाव सारखं म्हणून त्या एक नाहीत. सभासद वेगळे, नियम वेगळे, मॉडरेटर वेगळे. माझं उत्तर, तिन्ही जोडा, आठवडाभर वाचा, जमेल ती ठेवा.

पण त्याआधी त्या सर्व्हरच्या "इन्स्टन्सेस" पानावर त्यांनी कुणाला ब्लॉक केलंय ती यादी वाचा. जून २०२३ मध्ये बीहॉने लेमी.वर्ल्डशी आणि अजून एका मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले, तिकडे कुणीही खातं काढू शकत होतं आणि येणारा त्रास आवरायला लेमीतली मॉडरेशनची साधनं पुरत नव्हती. ज्यांना सौम्य वातावरण जपायचंय त्यांनी असं केलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. आपल्याला दोघेही दिसतात. पण बीहॉच्या पोस्टखाली लेमी.वर्ल्डच्या लोकांच्या कमेंट्स आपल्यालाही दिसत नाहीत, कारण वाटप बीहॉ करतो. म्हणजे चालते ती कम्युनिटीच्या घरच्या सर्व्हरची ब्लॉकलिस्ट, आपली किंवा वाचणाऱ्याची नंतर.

१ जुलै

लेम.ई बंद. आधीच यादी काढून ठेवली होती: कुठली कम्युनिटी, मॉडरेटरांनी नवं ठिकाण जाहीर केलंय का, असेल तर ते जोडलं का. ज्यांचं नवं ठिकाण कळलं ती सगळी जोडली, मगच जुन्यांतून सगळ्यांना अनसबस्क्राईब व्हायला सांगितलं आणि यादी आपल्या सूचना कम्युनिटीत वर पिन केली. जुन्या प्रती काढल्या नाहीत, वाचायला उपयोगी आहेत. तिकडे होस्ट केलेले मोठे फोटो मात्र उघडत नाहीत, आपल्याकडे थंबनेल तेवढे राहिलेत.

१३ जुलै

आता उलटं काम, आपली कम्युनिटी बाहेर दिसायला हवी. सेल्फहोस्टेडला आपण शोधायला गेलो तसं आपल्याला शोधायला दुसऱ्या सर्व्हरवरचं कुणीतरी यायला लागतं, नाहीतर त्यांच्या सर्चमध्ये आपलं नावही येत नाही. लेमी फेडरेट या साधनात सर्व्हर नोंदवला, ते सहभागी सर्व्हरांवरच्या बॉटकडून (आपोआप चालणाऱ्या खात्याकडून) नवी कम्युनिटी फॉलो करून घेतं आणि तिथल्या खऱ्या माणसांनी सबस्क्राईब केलं की बॉट बाजूला होतो. पण बॉट नाव पोचवेल, माणसं नाही. म्हणून ओळखीच्या मराठी लोकांना, जे प्रोग्रॅमिंग.डेव्हवर आहेत, फेडिट.ऑर्गवर आहेत, त्यांना एकेकाला पूर्ण पत्ता पाठवला आणि आपापल्या सर्व्हरवर सर्च करून सबस्क्राईब करा म्हटलं. आमच्याकडे खातं काढा असं कुणालाही म्हणायचं नाही हे ठरवलंय. त्यांचं घर त्यांना सोडायला लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.

काल सरांनी लॅबमधल्या जुन्या मशीनवर देवनागरी कीबोर्ड लेआउट लॉगिन स्क्रीनवर येत नाही असं आपल्या कम्युनिटीत मराठीत लिहिलं. पहिलं उत्तर आलं ते फेडिट.ऑर्गवरून, मराठीतच, कॉन्फिग फाईलच्या नावासकट. चाललं.

राहिलेली कामं: पिक्ट-आरएसची जागा भराभर वाढतेय, लिंक प्रिव्ह्यू साठवायचे की नाही ते ठरवायचं. बॅकअप परत लावून बघायचाय. मित्र ऑगस्टमध्ये सुट्टीवर असेल तेव्हा ताईंना सर्व्हरचा ॲक्सेस आणि अर्ज मंजूर करायचं शिकवायचं. पेंडिंगवर अडकलेल्या अजून दोन कम्युनिट्या आहेत, दोन्ही एकाच सर्व्हरवर, त्यांच्या ॲडमिनला विचारलंय.